तेवीस मुद्द्यांचं वेल्डिंग मशीन

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. कारखाना केमिकलच्या टाक्या बनवायचा आणि मी इन्स्पेक्शनला होतो. वेल्डर लोक टाकीचे सांधे जोडून, घाम पुसून चहाला जायचे. सांधे गार झाले की मी टॉर्च आणि पिवळा खडू घेऊन यायचो. जिथे वेल्ड वाकडं दिसेल, भोक दिसेल, भरण कमी दिसेल तिथे खडूने गोल काढायचा. गोल म्हणजे पुन्हा करा. असे किती गोल काढले त्याची मोजदाद नाही, पण निरोपसमारंभात मला शाल, श्रीफळ आणि पिवळ्या खडूंचा एक अख्खा खोका मिळाला. खोका कोणी दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

नोकरी संपली तरी डोळ्याची खोड गेली नाही. शेजाऱ्यांनी नवीन फरशी बसवली की मी वाकून बघतो. लग्नात गेलो तर मांडवाचे बांबू बघतो. दिवाळीत बायको करंज्या करायची तेव्हा मी स्टूल घेऊन शेजारी बसायचो आणि मुरड तपासायचो. करंजीची कड चिमटीत धरून दुमडत दुमडत नेतात ती मुरड, आणि बायकोच्या मुरडीचं तिच्या माहेरी अजून नाव काढतात. तरी मी एखाद्या करंजीवर बोट ठेवून सांगायचो की ही तुपात उघडणार. ती म्हणायची, उघडली तर तुमच्या ताटात. चौतीस वर्षांत दोन उघडल्या. दोन्ही मला नीट आठवतात.

निवृत्तीनंतर आम्ही बदलापूरला तळमजल्याचं घर घेतलं, पुढे छोटं अंगण असलेलं. अंगण बघितल्या बघितल्या बायको म्हणाली, इथे झोपाळा. लहानपणी तिच्या काकांच्या घरी झोपाळा होता आणि त्यावर बसायला अकरा पोरं. हिचा नंबर यायच्या आत संध्याकाळ व्हायची आणि काका झोपाळा वर टांगून ठेवायचे. ही गोष्ट मी लग्नानंतर निदान शंभर वेळा ऐकली असेन. तिने गादीसुद्धा आधीच शिवून ठेवली होती, निळ्या फुलांची.

तर आम्ही झोपाळा करायला टाकला. पहिल्या फॅब्रिकेटरने आणला, मी पाच गोल काढले, त्याने परत नेला आणि पुन्हा फोन उचलला नाही. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्येच मी खडू काढला, तेव्हा तो म्हणाला की काका, दुसरीकडे बघा. तिसरा गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात टेम्पोतून झोपाळा घेऊन आला. बायको गादी काखेत घेऊन दारात उभी. मी चार गोल काढले. तो तरुण माणूस आधी गोलांकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, यावर तुम्ही चहा पिणार आहात, रॉकेट सोडणार नाही. मी म्हटलं, पुन्हा करून आण. त्याने झोपाळा टेम्पोत चढवला आणि गेला. टेम्पो वळणापलीकडे जाईपर्यंत बायको तशीच उभी होती, गादी काखेत.

तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली.

"तुम्ही आयुष्यभर लोकांच्या कामावर खडू मारलात. आता एक वस्तू स्वतःच्या हाताने करा. दिवाळीच्या पहाटे मी झोपाळ्यावर बसून चहा पिणार. झोपाळा नसेल तर यंदा करंज्या नाहीत."

मी म्हटलं, करतो. कुंपणापलीकडे शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मी झोपाळा करणार. माघार घ्यायची सोय राहिली नाही.

झोपाळा करायचा तर वेल्डिंग मशीन हवं, आणि मशीन घ्यायचं तर ते रीतसर निवडायला हवं. मी दोन दिवस बसून तेवीस मुद्द्यांचा तक्ता तयार केला. ॲम्पिअर किती, वजन किती, केबलची लांबी, हँडलची पकड, पंख्याचा आवाज, रंग टिकाऊ आहे का, पुस्तिका कोणत्या भाषेत आहे, इथपर्यंत. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. बायकोने तक्ता चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा दोनच प्रश्न विचारले होते, आणि त्यातला एक पंखा बंद करू का हा होता.

त्यात ड्युटी सायकल नावाचा मुद्दा होता, तो मी तिला समजावून सांगितला. म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन न थांबता काम करू शकतं ते. काही मशीन सहा मिनिटं चालतात आणि चार मिनिटं त्यांना विश्रांती लागते. बायकोने विचारलं, आणि विश्रांती दिली नाही तर? मी म्हटलं, तापून बंद पडतात. ती म्हणाली, छान आहे, मला हे कोणी आधी सांगितलं नाही. आणि कुकर लावायला गेली.

मशीनसाठी उल्हासनगरला जायचं हे ठरलेलंच. तिथे मिळत नाही अशी वस्तू अजून बनायची आहे, असं आमच्याकडे मानतात. कॅम्प पाचमध्ये एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थांचं दुकान आहे, घरांच्या रांगेत खालच्या खोलीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझं फार आगत केलं. आत गेल्या गेल्या भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आला, मग चहा. मी तक्ता उघडला. त्यांनी तीन मशीन दाखवली. एक जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या वेटोळ्यांचं, चाकांवर उभं, माझ्याएवढ्या वजनाचं. दुसरं इन्व्हर्टरवालं, डब्यासारखं छोटं, खांद्याला अडकवून नेता येईल असं. तिसरं तीन प्रकारचं वेल्डिंग करणारं, समोर आकड्यांचा लाल दिवा. मी तिघांचे गुण मांडले, टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, आणि विचार करून सांगतो म्हणून निघालो.

दुसऱ्या खेपेला पापड आणि पाणी आलं, चहा आला नाही. तिसऱ्या खेपेला नुसतं पाणी. चौथ्या खेपेला शेटने कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं.

मला ते चाकांवरचं मोठं मशीन आवडलं होतं हे कबूल करतो. एकशे एकाहत्तर गुण मिळाले होते त्याला. पण तीन कामं करणाऱ्याला लाल दिव्यामुळे एकशे बहात्तर झाले, आणि लाल दिव्याला गुण द्यावेत की नाही यावर मी अडकलो होतो. शेटने माझ्या हातातला तक्ता हळूच काढून घेतला, घडी घातली, माझ्या खिशात ठेवला.

"साईं, इतना मत सोचो. पीछे चलो, चला के देखो. हाथ खुद बता देगा."

दुकानामागे पत्र्याची शेड होती. लोखंडाची पट्टी ठेवलेली, काळ्या काचेचा मुखवटा टांगलेला. दोन गिऱ्हाइकं उगाच मागून आली. मी मुखवटा तोंडाशी धरला, रॉड पट्टीला टेकवला, आणि रॉड चिकटला. वेल्डिंगचा रॉड टेकवून लगेच किंचित उचलायचा असतो, हे मी हजार वेळा लोकांना सुनावलं होतं. हाताला ते कोणी सुनावलं नव्हतं. मी रॉड ओढला तर पट्टीही वर आली. पट्टी झटकली तर रॉड लालभडक होऊन वाकला. मशीन घरघरू लागलं तसं शेटने शांतपणे बटण बंद केलं.

"आपने तो बोला था आप अट्ठाईस साल वेल्डिंग में थे," ते म्हणाले.

"वेल्डिंग में नहीं," मी म्हणालो. "वेल्डिंग के बाद."

शेटने माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला रागही येईना. त्यांचा सल्ला सरळ होता. मशीन ते रोज विकतात, ते कुठे पळून जात नाही. आधी वेल्डिंगवाला कोणी माणूस घेऊन या.

वेल्डिंगवाला एकच माणूस माझ्या डोळ्यासमोर होता आणि त्याच्यासमोर जायची मला लाज वाटत होती. आमच्या कारखान्यातला मिस्त्री. देशावरचा माणूस, हात असा की त्याचं वेल्ड बघत राहावं. आणि म्हणूनच त्याच्या कामावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायचो. चूक सापडेपर्यंत हलायचो नाही. एकदा त्याचा एकच सांधा मी चार वेळा करायला लावला होता आणि पाचव्यांदा म्हटलं होतं की पहिला होता तोच बरा होता. निवृत्त झाल्यावर त्याने अंबरनाथलाच बुवापाड्यात ग्रिल बनवायची शेड टाकली, एवढं मला माहीत होतं.

मी गेलो. तो पाटावर बसून खिडकीचं ग्रिल जोडत होता. मला बघून मुखवटा वर केला, उठला, साहेब म्हणाला, स्टूल पुसून दिलं. कशाला आलो ते मला सांगवेना. मी म्हटलं, शिवमंदिरात दर्शनाला आलो होतो, वाटेत वाटलं बघावं. मिस्त्री म्हणाला, मंदिर तर मागे राहिलं, साहेब. मी स्टुलावर बसलो. बसल्या बसल्या त्याच्या ग्रिलकडे लक्ष गेलं. एका सांध्याभोवती पिवळ्या खडूचा गोल होता.

मी विचारलं, इथे कोण इन्स्पेक्शन करतं. तो म्हणाला, मीच. तुमचं भूत बसलंय मानगुटीवर, अजून उतरत नाही. आणि मोठ्याने हसला. मीही हसलो, आणि मग सगळं सांगून टाकलं. तीन फॅब्रिकेटर, गादी, करंज्या, तेवीस मुद्दे, चिकटलेला रॉड. कारखान्यात मी त्याला अरेतुरे करायचो. त्या दिवशी तुम्ही म्हणत होतो. ते ऐकून त्याने तक्त्यासाठी हात पुढे केला.

तक्ता त्याने पूर्ण वाचला. मग विचारलं, "साहेब, घरात पावरचा पॉइंट कितीचा हाय?"

तेवीस मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. पडवीत वॉशिंग मशीनचा एक मोठा पॉइंट आहे एवढंच मला सांगता आलं. मिस्त्री म्हणाला, ते चाकावालं धूड त्या पॉइंटला लावलंत तर तुमच्यासकट गल्लीचे पंखे थांबतील. गॅस लागतो ते तिसरं कशाला, तुम्हाला विमान बनवायचंय का. पातळ पाइपचं काम, बारा नंबरचा रॉड, ते डब्याएवढं इन्व्हर्टरवालं घ्या. आणि मशीनपेक्षा मुखवटा चांगला घ्या. तीन आठवडे मी ज्यात घालवले होते ते त्याने विडीएवढ्या वेळात संपवलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर उल्हासनगरला आला. शेटने मिस्त्रीच्या हातांवरचे ठिणग्यांचे डाग बघितले आणि लगेच आत हाक मारली. पापड आला, पाणी आलं, चहा आला. मिस्त्रीने छोटं मशीन लावलं आणि पट्टीवर वीतभर रेघ ओढली. मुखवट्याआड त्याने डोळे मिटलेत की काय असं मला वाटलं, इतका तो आवाजाकडे कान लावून होता. चर्र असा एकसारखा आवाज, कुठे फुटणं नाही, कुठे थांबणं नाही. "ह्ये द्या," तो म्हणाला. मी विचारलं, हँडलची पकड बघायची का. शेट तोवर मशीन खोक्यात भरायला लागले होते.

घरी आल्यावर मिस्त्रीने अंगणात अर्धा तास मला शिकवलं. रॉड कसा धरायचा, किती उचलायचा, कसा पुढे न्यायचा. घाई करायची नाही, दाबायचं नाही, आवाज ऐकायचा, एवढंच त्याचं सांगणं. बायको पडवीच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. तिने मध्येच विचारलं की आवाज कसा आला म्हणजे बरोबर. मिस्त्री म्हणाला, वहिनी, कढईत तळण चांगलं चाललं की येतो ना, तस्सा. ती हो म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी येऊन काम बघतो, असं सांगून तो गेला.

झोपाळ्याचा सांगाडा साधा होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन तिरके पाय, वर आडवा दांडा, खाली आधार, मिळून दहा सांधे. पाइप मी मिस्त्रीच्या मापाने कापून आणले होते. पहिल्या सांध्याला मी पाइपच जाळून आरपार भोक पाडलं. ते भरायला गेलो तर भोक मोठं झालं. दुसऱ्या सांध्यावर धातूचा असा ढीग झाला की वरून कावळ्याने कार्यक्रम उरकलाय असं वाटावं. शेजारच्या काकू कुंपणापाशी यायच्या, बघायच्या आणि काही न बोलता जायच्या. आमच्या गल्लीत यापेक्षा वाईट शेरा नसतो.

पण खरा घात माझ्या स्वभावाने केला. वेल्ड करून झालं की मग तपासायचं असतं. मला वेल्ड पडता पडताच तपासायची घाई. ठिणगी चालू असताना मी मुखवटा दोन बोटं वर करून बघायचो की बरोबर पडतंय का. एकदा नाही, दिवसभर. कारखान्यात मी कायम गार झालेल्या लोखंडापाशी गेलो होतो, तापलेल्या ठिणगीकडे बघायचं नसतं हे पाठ होतं, पण ते दुसऱ्यांसाठीचं पाठांतर होतं. संध्याकाळी डोळ्यांत कोणीतरी मूठभर रेती ओतली. डॉक्टरांनी थेंब दिले, एक दिवस डोळे मिटून पडा म्हणाले आणि वयाकडे बघून हसले. बायकोने वरून बटाट्याच्या गार चकत्या ठेवल्या. थेंबांनी बरं वाटलं की चकत्यांनी, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी असा बटाटे लावून पडलो होतो आणि मनाने पार खचलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही. नऊ सांधे झाले होते आणि नऊही कसे झालेत ते मला माहीत होतं. त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी खडू झिजवला असता. दहावा, वरच्या दांड्याचा मुख्य सांधा, नुसता वेल्डच्या दोन ठिपक्यांवर तोलून ठेवला होता. किंवा तोही केला होता बहुधा. डोळे चुरचुरायला लागल्यावर मी काय केलं ते मला धड आठवत नव्हतं. मी माझ्या आयुष्याचा हिशेब मांडला तर एवढंच निघत होतं की मला चूक ओळखता येते. बरोबर करता येत नाही.

तेवढ्यात आवाज आला. चर्र. एकसारखा, संथ, मध्ये न तुटणारा. मी उठूनच बसलो, एक चकती खाली पडली. तळण! बायकोला दया आली होती. झोपाळा होवो न होवो, तिने करंज्या करायला घेतल्या होत्या. मला इतकं भरून आलं की बटाट्याखालून पाणी वाहायला लागलं. तुपाचा वास येत नव्हता, पण चार दिवस माझ्या नाकात रॉडचाच धूर बसला होता. मी खाटेवरून ओरडून सांगितलं, "मंद आचेवर तळ."

"मंदच आहे," बाहेरून उत्तर आलं.

"कड उघडायला नको."

"नाही उघडणार."

मी समाधानाने आडवा झालो आणि मला झोप लागली. जागा झालो तेव्हा तिला करंज्यांबद्दल विचारलं नाही. दया दाखवणाऱ्याला दयेबद्दल विचारू नये एवढी अक्कल मला आहे.

ठरल्या दिवशी मिस्त्री आला. धुतलेला शर्ट घालून आला होता. सांगाड्यापाशी उभा राहिला, खिशातून टॉर्च काढली, आणि मग दुसऱ्या खिशातून पिवळा खडू. मी दोन पावलं मागे सरकलो. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या, त्यांनी या खेपेला स्टूलच आणलं होतं.

पहिल्या सांध्याला गोल. दुसऱ्याला गोल. तिसऱ्याला गोल काढून त्याने वर एक फुलीही मारली, जी मी फार वाईट कामाला मारायचो. तो घाई करत नव्हता. माझ्यासारखाच वाकत होता, माझ्यासारखाच नखाने खरवडत होता, आणि गोल काढण्याआधी माझ्यासारखाच नाकातून हुं करत होता. मी इतकी वर्षं तसा हुं करायचो हे मला तेव्हा कळलं. नऊ सांधे, नऊ गोल. त्या प्रत्येक गोलाला मला एकेक वेल्डर आठवत होता, चहा अर्धा टाकून परत येणारा, माझ्याकडे न बघता मुखवटा खाली घेणारा.

दहाव्या सांध्यापाशी मिस्त्री थांबला. टॉर्च जवळ नेली. अंगठ्याने सांध्याच्या कडेवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. बारीक, सारखे, एकावर एक दुमडत गेलेले वळसे. त्याने खडू खिशात टाकला.

"साहेब, ह्यो कुणी केला?"

मला खरंच वाटलं मीच केला असेन. म्हटलं ना, आठवत नव्हतं. आणि इतकी सुंदर गोष्ट आपली असावी असं कोणाला वाटणार नाही? मी जरा छाती पुढे काढून म्हटलं, तिथपर्यंत माझा हात बसला होता.

मागून बायकोचा आवाज आला. "त्या दिवशी मी मंद आचेवर तळत होते, आठवतं का?"

ती पायरीवर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, सांध्याकडे बघितलं. तेव्हा मला दिसलं की ते वळसे मी आधी कुठे पाहिलेत. चौतीस दिवाळ्या मी स्टूल टाकून त्यांच्याकडेच बघत आलो होतो. लोखंडाला करंजीची मुरड घातलेली होती.

मिस्त्री कितीतरी वेळ हसत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "मशीन आपण बरोबर निवडलं, साहेब. चालवणारा तुम्ही चुकीचा निवडला."

काकूंनी स्टुलावरून टाळी वाजवली.

पुढचे दोन दिवस बायकोने मुखवटा घातला आणि मी हाताखाली राहिलो. माझे नऊ सांधे घासून काढणं हे माझं काम. रॉड देणं, पाइप धरून ठेवणं, पाणी आणणं हेही माझं. मध्येच मी एकदा, उगीच सवयीने, इथे जरा जास्त भरण हवं असं म्हटलं. तिने मुखवटा वर केला आणि नुसतं बघितलं. मी पाणी आणायला गेलो. तिचे सांधे पुढे पुढे आणखी देखणे होत गेले. माझ्या मनात आलेलं सांगतो, मला कौतुक वाटलं आणि हेवाही वाटला, आणि हेवा थोडा जास्त.

करंज्यांचा शब्द मात्र तिने पाळला. झोपाळा तुमच्या हातचा नाही, म्हणाली, तर करंज्या माझ्या हातच्या नाहीत. तेव्हा सारण भाजलं मी, पारी लाटली मी, मुरड घातली मी. एकवीस करंज्या तुपात सोडल्या आणि एकोणीस उघडल्या. तूप सारणाने काळं झालं. ती शेजारी स्टूल घेऊन बसली होती. एकदाही बोट ठेवलं नाही, एकदाही हुं केलं नाही. ते मला जास्त लागलं.

दिवाळीच्या पहाटे ती नवीन साडी नेसून अंगणात आली. निळ्या फुलांची गादी घातली होती. ती आधी हळूच टेकली, मग सगळं वजन टाकलं, मग पायाने जमिनीला रेटा दिला. कुठे कुरकुर नाही. तिने डोळे मिटले. तिचा नंबर आला होता, आणि वर टांगून ठेवायला कोणी काका उरले नव्हते. मी चहाच्या दोन कपबश्या आणि ताटलीत माझ्या फुटक्या करंज्या घेऊन समोर उभा राहिलो.

"खडू आणा," ती म्हणाली. "एकदा बघून घ्या. काही असेल तर सांगा."

मी कपबश्या आणि ताटली पायरीवर ठेवली आणि बघितलं. दहाही सांधे बघितले, टॉर्चशिवाय, उजाडत्या प्रकाशात. आठव्या सांध्याच्या खालच्या अंगाला एक भोक होतं, टाचणीच्या टोकाएवढं. वजनाशी त्याचा काही संबंध नव्हता. टाकी असती तर गळली असती, झोपाळा गळत नाही. पण भोक ते भोक. माझा हात खिशाकडे गेला, खडू बोटांना लागला. मी तिच्याकडे बघितलं. ती झोके घेत होती आणि माझ्याकडेच बघत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "पास."

तिने पाय टेकवून झोपाळा थांबवला. "आठव्याला खालून भोक आहे. मला कालच दिसलं. तुम्ही सांगता का ते बघत होते."

मी खिशातला हात बाहेर काढला. ती गादीवर जरा सरकली, शेजारी जागा केली, आणि हात लांबवून पायरीवरच्या ताटलीतली सगळ्यात जास्त उघडलेली करंजी उचलून स्वतःच्या बशीत घेतली.

"बसा आता," ती म्हणाली. "चहा निवतोय."